राक्षस लांबला की हाव लांबली?

भाकरी-भाजी आटोपली असेल, लेकरं झोपायला टेकली असतील. रेडिओ जरा जवळ घ्या. आज आम्ही तुम्हाला आमच्या गटातलं एक भांडण सांगणार आहोत. हे भांडण हप्त्याचं नाही, भिशीचंही नाही. एका सिनेमाच्या शेवटावरून आम्ही बारा जणी दोन तास भांडलो, आणि पुढच्या बैठकीला त्याच भांडणाचा उपयोग झाला. म्हणून ते तुमच्या कानावर घालावंसं वाटलं.

सिनेमाचं नाव ‘तुंबाड’. हिंदी आहे, पण गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली, माणसंही मराठी. राही अनिल बर्वे यांनी तो दिग्दर्शित केला. चित्रीकरण 2012 साली सुरू झालं आणि सिनेमा पडद्यावर आला 12 ऑक्टोबर 2018 ला. तेव्हा फारसा चालला नाही. मग 13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा टॉकीजमध्ये लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. आमच्या एका वहिनीचा मुलगा अमरावतीला शिकतो. त्याने तिथे पाहिला आणि दिवाळीला घरी आल्यावर आईच्या मागे लागला, तुम्ही बायांनी हा पाहाच. वेचणीचे दिवस होते, अंग मोडून आलेलं असायचं, तरी एका रात्री आम्ही वहिनीच्या घरी टीव्हीपुढे बसलो.

ज्यांना हा सिनेमा पाहायचा आहे आणि शेवट आधी कळायला नको आहे, त्यांनी आता आवाज बंद केला तरी आम्हाला राग नाही. कारण शेवट सांगितल्याशिवाय हे भांडण सांगता येत नाही.

गोष्ट अशी. एक समृद्धीची देवी. तिच्या हाती सोनंही आणि अन्नही. तिचा पहिला मुलगा हस्तर. त्याने आईचं सगळं सोनं घेतलं आणि अन्नावरही हात टाकायला गेला. तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला आपल्या पोटात लपवून वाचवलं, पण त्याची पूजा कधी होणार नाही, ही अट पडली. तेव्हापासून तो तिथेच आहे. सोनं त्याच्या लंगोटात भरलेलं, पण पोटात अन्नाचा कण नाही. जन्मोजन्मीचा उपाशी.

तुंबाड गावच्या वाड्यातून त्या पोटात उतरायची वाट आहे. विनायक नावाचा माणूस तिथे दोराने उतरतो. पिठाचं रिंगण आखून आत बसतो आणि पिठाची बाहुली पुढे ठेवतो. हस्तर बाहुली खायला आला की विनायक त्याच्या लंगोटातून दोन-चार नाणी ओढून घेतो आणि वर पळतो. हस्तरचा हात लागला, तर माणूस मरत नाही, सडत सडत जिवंत राहतो. ही गोष्ट 1918 साली सुरू होते आणि 1947 पर्यंत जाते. तोवर विनायकाचा मुलगा पांडुरंग हाताशी आलेला असतो. स्वातंत्र्य मिळतं, वाडा सरकारजमा व्हायची वेळ येते. म्हणजे ही शेवटची संधी. पोरगा बापाला युक्ती सांगतो: दोन-चार नाणी काय ओढत बसायची, खूप बाहुल्या नेऊ, हस्तरला खात ठेवू आणि लंगोटच पळवू.

बापलेक खाली उतरतात. आणि तिथे कळतं, की जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. एकामागून एक राक्षस उतरू लागतात. चहूकडून लालभडक भिंती, मध्ये पिठाचं रिंगण, रिंगणात बाप आणि लेक. शेवटी बाप सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधतो, म्हणजे सगळे हस्तर त्याच्या मागे लागतील आणि पोराला निसटायला वाट मिळेल. पोरगा वाचतो. बाप बाहेर येतो तो शापित होऊन, हातात सोन्याने भरलेला लंगोट घेऊन. तो लंगोट तो मुलापुढे धरतो. मुलगा घेत नाही. बापाला झोपवतो आणि आग देतो.

इथे सिनेमा संपला. वहिनीने दिवा लावला. आणि आमच्या गटातली सगळ्यात मोठी मावशी पहिलं वाक्य बोलली, ते असं: “काहून व माय इतकं लांबवलं त्यायनं? एक हस्तर पायला, समजलं. इतके सारे पाहून काय नवीन समजनार हाय?”

झालं. भांडणाला तोंड फुटलं.

मावशीची बाजू आधी सांगतो, कारण ती हलकी नाही. मावशीने आयुष्यभर कीर्तनं ऐकली, गावात येणारे खेळ पाहिले. ती म्हणाली, राक्षस किती वेळ दाखवायचा याचं एक माप असतं. आणि तिने उदाहरण दिलं आपल्याच चिखलदऱ्याचं.

चिखलदऱ्याची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. भीमाने कीचकाला मारलं आणि दरीत फेकलं, म्हणून तो कीचकदरा, आणि त्याचा झाला चिखलदरा, असं आपल्याकडे सांगतात. भीमाने जिथे हात धुतले ते भीमकुंडही तिथे दाखवतात. मावशी म्हणाली, आता ही कथा कशी सांगतात ते आठवा. द्रौपदी विराटाच्या घरी सैरंध्री म्हणून राबते आहे. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागे लागतो. ती राणीला सांगते, राणी उलट तिलाच कीचकाच्या घरी पाठवते. ती पळून भर सभेत जाते, तिथे कीचक तिला लाथ मारतो. राजा बसलेला आहे, धर्मराज बसलेला आहे, कोणी उठत नाही. मग ती रात्री मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवते. कीर्तनकार हे सगळं कसं घोळून घोळून सांगतो. दारोदार फिरणाऱ्या त्या बाईबरोबर आपणही फिरतो. आणि कीचक मरतो किती वेळात? अंधाऱ्या नृत्यशाळेत भीम दबा धरून बसला, कीचक आला, त्याचा चेंदामेंदा झाला. संपलं. बुक्क्या कोणी मोजत बसत नाही.

मावशीचं म्हणणं असं, की बाईला दाद मिळेपर्यंतचा वेळ लांब असला पाहिजे. राक्षसाला इतका वेळ कशाला?

तिने दुसरा दाखला दिला दसऱ्याचा. रामलीला नऊ-नऊ दिवस चालते, रावणाचा पुतळा जळून जातो थोड्या वेळात. कोणी तक्रार करत नाही, की अजून थोडा वेळ जळायला हवा होता. यावर एक जण हसत म्हणाली, “अन् अकोल्याकडच्या सांगोळ्यात तं त्याले जाळतच नाईत.” खरंच आहे. पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याला रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे आणि दसऱ्याला तिथे त्याची पूजा होते. तेवढ्यावर थोडं हसणं झालं, चहा झाला, पण मावशीचा मुद्दा जागच्या जागी राहिला.

आता दुसरी बाजू. आमच्यातल्या तरुण सुनांचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, मावशी, लांब आहे हे कबूल. पण रटाळ लांब वेगळं आणि गरजेचं लांब वेगळं. त्यांनी ‘स्त्री 2’ चं उदाहरण घेतलं. तो सिनेमा 15 ऑगस्ट 2024 ला आला. चंदेरी गावात मुंडकं नसलेला सरकटा येतो आणि स्वतःच्या मनाने जगणाऱ्या बायांना उचलून नेतो. गोष्ट आपल्याच मनातली. पण शेवटी त्या सरकट्याशी मारामारी सुरू होते, ती चालूच राहते. मध्येच दुसऱ्या सिनेमातला भेडिया मदतीला येतो. तोही लढतो. धूळ, आग, पडझड, आरडाओरडा. आमच्यातल्या एकीने सांगितलं, “मी मधात उठून दूध तापवून आली, तरी ते लढूनच रायले होते. अन् मले काही चुकलंय असंही वाटलं नाई.” जिथून बाई उठून दूध तापवून येते आणि तिचं काही चुकत नाही, तो भाग लांबलेला. हे माप आम्हा सगळ्यांना पटलं.

मग ‘झपाटलेला’ निघाला. महेश कोठारे यांचा 1993 चा सिनेमा. रामदास पाध्ये यांनी केलेला तात्या विंचूचा बाहुला आमच्या पिढीने लहानपणी पाहिला आणि खाटेखाली बघूनच झोपायला शिकलो. त्यातला शेवट कोणाला लांब वाटला नव्हता. का? कारण आधीच सांगून ठेवलेलं असतं, की गोळी दोन भुवयांच्या मधोमध लागली तरच हा मरेल. तेवढी एकच जागा. त्यामुळे प्रत्येक वेळी नेम चुकला की जीव वर येतो. नियम माहीत असला की वाट पाहण्यात गोडी असते.

शहरात शिकलेल्या एका सुनेने परदेशातली गोष्ट सांगितली. 1975 साली अमेरिकेत ‘जॉज’ नावाचा सिनेमा आला, माणसं खाणाऱ्या शार्क माशाचा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. त्यांनी माशाचं यंत्र बनवलं होतं, पण समुद्राच्या पाण्यात ते सारखं बंद पडायचं. म्हणून मासा फार थोडा दाखवला. नुसतं पाणी, नुसतं संगीत. आणि लोक जास्त घाबरले. मावशी लगेच म्हणाली, “हेच तं मी म्हणून रायली!”

तर मग ‘तुंबाड’ चं काय? त्याला कोणतं माप लावायचं?

आम्ही तो शेवट पुन्हा लावला. रिमोट हातात घेऊन, थांबवत थांबवत पाहिला. दूध तापवायचं माप लावलं. इथून उठलो तर काय चुकेल?

पहिला हस्तर येतो, तेव्हा कळतं की युक्ती चालली. दुसरा येतो, तेव्हा कळतं की युक्ती उलटली. पुढचे येतात, तेव्हा एक वेगळीच गोष्ट कळते. आधी एका बाहुलीवर दोन-चार नाणी मिळत होती, तेव्हा एक हस्तर होता. आता सगळं सोनं हवं म्हणून पोतंभर बाहुल्या आणल्या, तर हस्तरही तितकेच. राक्षस स्वतःहून वाढला नाही, यांनी आणलेल्या पिठाने वाढला. हे एका हस्तरमध्ये दिसलं नसतं. ते मोजूनच दिसतं. पुढे बापाला कळतं, की सुटायची वाट एकाचीच आहे. तेव्हा ज्या बाहुल्या सोन्यासाठी आणल्या, त्या तो स्वतःच्या अंगाला बांधतो. आयुष्यभर त्याने दुसऱ्याच्या भुकेचा फायदा घेतला, शेवटी तो स्वतःच बाहुली झाला. इथून कोणी उठली असती, तर तिचं फार चुकलं असतं.

मधला एक तुकडा मात्र आहे, जिथे हस्तर नुसते घोंगावत राहतात, तोंडं दाखवतात, अंगावर येतात आणि नवीन काही घडत नाही. तिथे मावशी बरोबर. तेवढा तुकडा कापला असता तरी चाललं असतं. आम्ही तसं तिला कबूल केलं. मावशी थोडी मवाळ झाली.

भांडण इथेच मिटलं असतं. पण आमच्या गटात एक बाई आहे, जी बैठकीत सहसा बोलत नाही. सही करते, हप्ता देते, घरी जाते. ती कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली:

“लांबलं नाई व बाई. आमच्या घरी तं हे दोन साल चाललं.”

आम्ही सगळ्या गप्प.

तिची गोष्ट आमच्यातल्या काहींना अर्धवट माहीत होती, पूर्ण कोणालाच नाही. तिच्या नवऱ्याने एका पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनेत कापसाचे पैसे टाकले होते. पहिल्या तीन महिन्यांत व्याज आलं. खरोखर आलं, हातात आलं. मग त्याने बैलजोडी विकून टाकले. पुन्हा थोडं आलं. मग तिच्या गळ्यातलं मोडलं. मग भावाकडून उसने घेतले. प्रत्येक वेळी ती म्हणायची आता पुरे, आणि प्रत्येक वेळी तो म्हणायचा, एकदाच अजून. एक दिवस त्या ऑफिसला कुलूप दिसलं. ती म्हणाली, “सिनेमातल्या मानसानं एका रात्री पोतंभर बाहुल्या नेल्या. आमच्यानं दोन साल एक-एक नेली. मले तं तो शेवट लहानच वाटला.”

बायांनो, त्या रात्री आम्ही अजून बोललो, पण सिनेमाच्या लांबीबद्दल कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी वेचताना, ओट्यात कापूस भरता भरता आम्ही विचार केला. आपल्याकडे एक म्हण आहे, वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड. आपली काळी माती, आपला कापूस, त्याला लोक पांढरं सोनं म्हणतात. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, दर्यापूर-मूर्तिजापूरच्या मधलं. विहिरीचं पाणी खारट. पीक सगळं पावसावर. आमच्या सासवा सांगतात, आधी प्रत्येक घरी ज्वारी असायची, कणगी भरलेली असायची. आता शेतात कापूस आणि सोयाबीन, आणि ज्वारी आपण दुकानातून विकत आणतो. हस्तरची गोष्ट हीच नाही का? सोनं आहे, पण दाणा नाही. कोण्या घरी सोनं नसलं तरी चालतं, पण डब्यात पीठ नसेल तर त्या घरच्या बाईची झोप उडते. म्हणून हस्तर आम्हाला नुसता राक्षस वाटला नाही. थोडा ओळखीचा वाटला. त्याची भूक खरी वाटली. आणि ज्याची भूक खरी वाटते, त्याच्याकडे माणूस जास्त वेळ पाहू शकतो.

राक्षस कशाचा आहे हे कळलं, की मग त्याची लांबी समजते. ही गोष्ट जुनी आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 1907 साली ‘कीचकवध’ नाटक रंगभूमीवर आणलं. लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत आपला देश पाहिला. इंग्रज सरकारने 1910 मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. नाटकात कुठेही कर्झनचं नाव नव्हतं. पण पाहणाऱ्याला जे दिसायचं ते दिसलं. आमच्या त्या मैत्रिणीला हस्तरमध्ये कुलूप लागलेलं ऑफिस दिसलं.

आता आमचं एकमत कशावर झालं ते सांगतो.

राक्षसाचा भाग लांब आहे का? थोडा आहे, मधला एक तुकडा. पण आमची खरी तक्रार दुसरी आहे. त्यानंतर जे येतं, ते फार आखूड आहे. बाप लंगोट पुढे करतो, मुलगा नाही म्हणतो. हे पटकन होतं. ज्या पोराने स्वतः ही युक्ती सुचवली, जो सोन्यासाठी बापाइतकाच हपापलेला होता, तो एका रात्रीत नाही म्हणतो. कसा म्हणाला? आतून काय झालं? मन डगमगलं का? घरी आईला जाऊन त्याने काय सांगितलं? ती आई, वैदेही, अनिता दाते यांनी केलेली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मालिकेतली नागपूरची राधिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. पूर्ण शेवटात ती कुठेच नाही. राक्षसांना इतका वेळ मिळाला, नकाराला मात्र घोटभर. आम्हाला वाटतं, दहा हस्तर दाखवायचे तर दाखवा, पण त्या नकाराला थोडा जास्त वेळ द्या. कारण हावेपेक्षा नाही म्हणणं अवघड असतं.

हे आम्ही पुस्तकातून बोलत नाही. त्यानंतरच्या बैठकीत आमच्या एका सदस्येचा अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. रक्कम पंचवीस हजार. कारण लिहिलं होतं ‘घरगुती’. विचारलं तेव्हा कळलं, दिराने सांगितलेल्या एका योजनेत टाकायचे आहेत, सहा महिन्यांत दुप्पट होतात म्हणे. एरवी आम्ही काय केलं असतं? नियमित हप्ता देणारी बाई आहे, हातावर हात ठेवून मंजूर केलं असतं. त्या दिवशी सचिवाने पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांनी त्या कोपऱ्यातल्या बाईकडे पाहिलं. ती बोलली. पुन्हा सगळं सांगितलं, पहिलं व्याज आल्यापासून गळ्यातलं मोडेपर्यंत. अर्ज करणारी बाई आधी चिडली, मग रडली. म्हणाली, घरी काय सांगू, दीर म्हणेल तुझा गट काय कामाचा. मावशी म्हणाली, “सांग, गटानं ठराव करून नाई म्हटलं. एकटीचं नाव घेऊ नको.” एक तास गेला त्या एका नाहीला. मग इतिवृत्तात ठराव लिहिला: दुप्पट पैशाच्या कोणत्याही योजनेसाठी गटातून कर्ज मिळणार नाही. बारा जणींच्या सह्या झाल्या.

तो एक तास कोणी सिनेमात दाखवला तर लांबला असं म्हणतील का? आम्ही तरी म्हणणार नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी.

पहिली. ‘तुंबाड’ पाहून कोणाच्या डोक्यात गुप्तधनाचं वेड जाऊ शकतं. आपल्या भागात जुने वाडे, पडके बुरूज, शेतातले दगड, यांच्याखाली धन आहे असं सांगत फिरणारे लोक अजून येतात. ते पूजा सांगतात, पैसे मागतात, आणि कधीकधी लेकराच्या जिवापर्यंत गोष्ट जाते. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं आणि 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला. त्यानंतर तो कायदा आला. गुप्तधन शोधायच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. असं काही कानावर आलं, तर एकटीने जाऊ नका. गट मिळून पोलीस ठाण्यात जा. तसंच पैसे दुप्पट करणाऱ्यांनी ठेव बुडवली असेल, तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा महाराष्ट्राचा कायदा आहे. पावत्या, चिठ्ठ्या, पासबुक फाडून टाकू नका. लाज वाटते म्हणून बाया पहिले तेच चुलीत घालतात.

दुसरी. हा सिनेमा लहान लेकरांना दाखवू नका. त्यात भीती आहे आणि काही दृश्यं घरच्या सगळ्यांसमोर पाहण्यासारखी नाहीत. दहावी-बारावीच्या पुढच्या मुलामुलींबरोबर जरूर पाहा, आणि पाहून झाल्यावर बोला. आमच्या वहिनीच्या मुलाने तिला सांगितलं, “आई, मी तर राक्षसच पाहत होतो, तुम्ही कुठून कुठे पोचल्या.” वहिनी म्हणाली, “तू घरचा पीठमिठाचा हिशोब कर, मग तुलेही दिसन.”

शेवटी, तुमच्या गटाला एक काम. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की कोणताही एक सिनेमा, मालिका, नाहीतर गावात झालेला खेळ घ्या, ज्यात शेवटी मोठी लढाई आहे. आणि तीन गोष्टी विचारा. ही लढाई चालू असताना मी उठून दूध तापवून आले, तर माझं काय चुकेल? हा राक्षस कशाने मोठा झाला, कोणी त्याला खाऊ घातलं? आणि लढाई संपल्यावर, जी माणसं उरली, त्यांना पुरेसा वेळ मिळाला का? या तीन प्रश्नांवर बाया बोलायला लागल्या की सिनेमा लांबला की नाही हे आपोआप कळेल. आणि कदाचित कोपऱ्यातली एखादी बाई, जी रोज नुसती सही करून जाते, ती काहीतरी बोलेल. तिला मध्येच तोडू नका.

मावशी आमच्या शेजारीच बसली आहे. तिने सांगायला सांगितलं आहे, की तिचं मत अजून बदललेलं नाही. हस्तर जास्तच होते म्हणते. सांगितलं, मावशी.

येतो बायांनो. उद्या वेचणीला लवकर जायचं आहे. राम राम.